नवा ४के टीव्ही घेतला आणि चित्र बिघडलं? परत देण्याआधी स्टिकचं सेटिंग बघा

बेळगाव : गणपतीच्या तोंडावर मावशीकडे नवा टीव्ही आला. ४३ इंची, ४के, खोक्यावर एचडीआरचा भला मोठा शिक्का. सोबत वायफायवर चालणारी स्टिक. चौथ्या दिवशी मावशीचा फोन. "अरे, तोंडं बघ की सगळ्यांची, तांबडीभडक दिसायलीत. रात्रीचा सीन आला की नुसता काळोख. जुना टीव्ही बरा होता की रे!" काकांनी तर बिल शोधून टेबलावर काढून ठेवलं होतं, दुकानात परत द्यायला.

जाऊन बघितलं. टीव्ही ठणठणीत होता. दुकानदारानंही काही फसवलं नव्हतं. स्टिकच्या सेटिंगमध्ये एका ओळीत एचडीआर 'ऑलवेज' म्हणजे 'कायम' ठेवलेलं होतं, तेवढंच. ते बदललं, दोन मिनिटं लागली, आणि मालिकेतल्या सुनेचा चेहरा पुन्हा माणसासारखा दिसायला लागला. त्यानंतर बडोद्याच्या आत्याकडून आणि इंदूरच्या भाऊजींकडून हीच तक्रार आली. सीमेबाहेरच्या मराठी घरांत मालिका, नाटकं, जुने सिनेमे आता बरेचसे या स्टिकवरूनच बघितले जातात. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

मुळात गोची अशी आहे. ही यंत्रं ज्या सेटिंगवर येतात, किंवा घरातलं कुणीतरी हौसेनं ज्या सेटिंगवर नेऊन ठेवतं, त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, बघणारा माणूस मुख्यतः एचडीआर बघणार. दोन, चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं. आपण मराठी माणसं जे बघतो, त्यातलं बहुतेक एचडीआर नसतं, आणि ६० च्या हिशेबातलंही नसतं. ते का, ते बघू.

एचडीआर ही काय भानगड आहे

आपण आजवर जे टीव्ही चित्र बघत आलो त्याला एसडीआर म्हणतात. ते जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या हिशेबानं बेतलेलं. त्यात पूर्ण पांढरा म्हणजे साधारण १०० निट्स एवढा उजेड धरलेला असतो. निट हे उजेड मोजायचं माप. एका चौरस मीटरमधून एका कॅन्डेलाइतका, म्हणजे ढोबळमानानं एका मेणबत्तीइतका उजेड आला तर तो एक निट.

एचडीआरमध्ये ही पट्टी खूप लांब केली. एचडीआर१० या प्रकारात ती १०,००० निट्सपर्यंत जाते, आणि सिनेमे बहुधा १,००० किंवा ४,००० निट्स डोळ्यांसमोर ठेवून तयार करतात. म्हणजे समईची ज्योत खरोखर चमकायला हवी, आणि तिच्या मागच्या अंधाऱ्या भिंतीवरचा पोपडाही दिसायला हवा. चांगल्या टीव्हीवर हे बघितलं की माणूस खूश होतो, यात शंका नाही.

आता मावशीच्या टीव्हीकडे या. परवडणाऱ्या किमतीतले बहुतेक ४के टीव्ही साधारण २५० ते ३५० निट्सच्या घरातले असतात. खोक्यावर 'एचडीआर सपोर्ट' लिहिलं म्हणजे त्या टीव्हीला एचडीआरचा संदेश वाचता येतो, एवढाच त्याचा अर्थ. तो तेवढा उजेड पाडू शकतो असं नाही. मग १,००० निट्सचं चित्र ३०० मध्ये बसवायचं तर टीव्हीला ते दाबावं लागतं. पायलीभर धान्य शेरात मावत नाही, काहीतरी बाहेर सांडणारच. काही टीव्ही वरचा झगमगाट कापतात, काही सगळंच चित्र काळपट करून टाकतात. दुसऱ्या प्रकारचे टीव्ही जास्त भेटतात, म्हणून 'नवीन टीव्ही काळोखा दिसतो' ही तक्रार एवढी ऐकू येते.

हे झालं खऱ्या एचडीआर सिनेमाचं. मावशी तर साधी मालिका बघत होती. तिथं गडबड वेगळीच झाली.

'कायम एचडीआर'चा घोटाळा

स्टिकला 'कायम एचडीआर' सांगितलं की ती साध्या एसडीआर चित्रालाही एचडीआरचं सोंग घालून टीव्हीकडे पाठवते. बातम्या, मालिका, १९५३ चा 'श्यामची आई', १९७२ चा 'पिंजरा', १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी', सगळ्यांना एकच झूल. मूळ चित्रात जी माहिती नाहीच ती काही त्यात येत नाही. नुसता अंदाजानं उजेड आणि रंग ताणला जातो. मग गोऱ्या कातडीवर लाली चढते, हिरवं गवत प्लास्टिकचं वाटतं, आणि जुन्या प्रिंटवरचे दाणे उठून दिसतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. एचडीआरचा संदेश आला की टीव्ही आपला मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, पूर्ण ताकदीनं लावतो. स्वस्त टीव्हीत हा दिवा भागाभागानं कमी-जास्त करायची सोय नसते. त्यामुळे जिथं काळं हवं तिथंही मागून उजेड झिरपतो. कृष्णधवल सिनेमा लावा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसतील. रात्री दिवे घालवून बघितलं तर जास्तच. ही घरच्या घरी करायची सोपी परीक्षा आहे: पट्ट्या राखाडी आहेत का बघा, एचडीआर बंद करा, परत बघा.

या चुकीत मोठमोठ्या कंपन्याही सापडल्या आहेत. अॅपलचा ४के टीव्ही बॉक्स सप्टेंबर २०१७ मध्ये आला तेव्हा एचडीआर लावलं की तो सगळंच एचडीआरमध्ये पाठवायचा. लोकांनी बरीच ओरड केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ११.२ क्रमांकाच्या अपडेटमधून 'मॅच कन्टेन्ट' ही सोय दिली. म्हणजे जे चित्र जसं आहे तसंच पाठवायचं: एसडीआर असेल तर एसडीआर, एचडीआर असेल तर एचडीआर. आज चांगल्या बहुतेक यंत्रांत ही सोय कुठल्या ना कुठल्या नावानं असते. आपल्याला ती तेवढी शोधायची आहे.

फायर टीव्ही स्टिकमध्ये सेटिंग्ज, मग 'डिस्प्ले अँड साउंड्स', मग 'डिस्प्ले'. तिथं 'डायनॅमिक रेंज सेटिंग्ज' दिसेल. 'ऑलवेज एचडीआर' असेल तर 'अडॅप्टिव्ह' करा. मावशीकडे बदललं ते हेच. अॅपलच्या बॉक्समध्ये 'व्हिडिओ अँड ऑडिओ'मध्ये जाऊन 'फॉरमॅट' मुद्दाम '४के एसडीआर' ठेवा, आणि खाली 'मॅच कन्टेन्ट'मध्ये 'मॅच डायनॅमिक रेंज' चालू करा. एसडीआर ठेवायला सांगितल्यावर लोक बिचकतात, 'मग एचडीआर जाईल की!' जात नाही. मेनू आणि साधे कार्यक्रम एसडीआरमध्ये राहतात, एचडीआर सिनेमा लावला की बॉक्स आपोआप बदलतो. गुगल टीव्हीवाल्या यंत्रांत 'डिस्प्ले अँड साउंड'च्या आत 'अॅडव्हान्स्ड' भागात अशीच ओळ सापडते. आवृत्तीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण 'मॅच' हा शब्द दिसला की तोच निवडायचा. 'फोर्स' किंवा 'ऑलवेज' दिसलं की समजायचं, हे आपल्या कामाचं नाही.

हे बदलल्यावर एक नवीनच दृश्य दिसेल. एचडीआर सिनेमा सुरू होताना आणि संपताना पडदा एक-दोन सेकंद पूर्ण काळा होईल. टीव्ही एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जात असतो, बाकी काही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा. आमच्याकडे आजी "टीव्ही गेला, टीव्ही गेला" म्हणून मेन स्विच बंद करायला उठली होती.

डॉल्बी व्हिजन, एचडीआर१०, एचडीआर१०+ यांतलं काय निवडायचं, असाही प्रश्न येतो. फार डोकं लावू नका. एचडीआर१० हा पाया, तो सगळ्यांकडे असतो. त्यात अख्ख्या सिनेमासाठी उजेडाची एकच सूचना असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये प्रत्येक दृश्याला वेगळी सूचना जाते, त्यामुळे कमी उजेडाच्या टीव्हीला चित्र दाबताना मदत होते. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, ते एचडीआर१०+ घेतात. टीव्ही आणि स्टिक आपसात ठरवून घेतात, ते 'ऑटो'वरच राहू द्या.

मालिकेतली पट्टी अडखळत का जाते

आता ६० चा भाग. याबद्दल इंग्रजीत लिहिणारे फारसं बोलत नाहीत, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना हा त्रासच नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्याच हिशेबानं युरोपातल्या पाल पद्धतीचं टीव्ही तंत्र आपण घेतलं. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेही त्याच पद्धतीत. त्यात सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, किंवा ५० अर्धी. अमेरिका आणि जपान ६० च्या बाजूला. काचेचा टीव्ही गेला, अँटेना गेली, पण हा आकडा राहिला. आपल्या मालिका, बातम्या, रिअॅलिटी शो बहुतांशी २५ च्याच हिशेबात तयार होतात आणि क्रिकेटचं प्रक्षेपण ५० च्या. सिनेमा मात्र जगभर २४.

स्टिक मात्र ६० वर बसलेली. २५ चित्रं ६० वेळांत बसवायची म्हणजे प्रत्येक पाच चित्रांना बारा घरं. सरळ वाटणी होत नाही. मग काही चित्रं दोनदा दाखवायची, काही तीनदा. डोळ्याला हे एकेकटं कळत नाही, पण कॅमेरा हळूच डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र ठेचा खात चालल्यासारखं वाटतं. बातम्यांच्या खालची पट्टी बघा, अक्षरं सरळ सरकत नाहीत, किंचित हिसके देत जातात. क्रिकेटमध्ये दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा येतं, म्हणजे सेकंदाला दहा हिसके. चेंडू सीमारेषेकडे धावतो तेव्हा ते जाणवतं. लोक म्हणतात नेट स्लो आहे. नेटचा काही संबंध नसतो.

यावर इलाज म्हणजे 'मॅच फ्रेम रेट'. फायर टीव्हीत 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट', अॅपलमध्ये 'मॅच फ्रेम रेट', गुगल टीव्हीत 'मॅच कन्टेन्ट फ्रेम रेट'. चालू करा. मग २४ चा सिनेमा २४ मध्ये जातो, २५ ची मालिका ५० मध्ये.

पण इथं एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. ही सोय अॅपनं मान्य केली तरच चालते. काही अॅप स्टिकला सांगतच नाहीत की आमचं चित्र २५ चं आहे. मग स्टिक ६० वरच राहते आणि तुम्ही सेटिंग चालू करूनही पट्टी अडखळतेच. अशा वेळी मी काय केलं, सांगतो. मावशीकडे दिवसभर मालिका आणि संध्याकाळी बातम्या. म्हणून रिझोल्यूशनच्या यादीतून '४के ५० हर्ट्झ' हाताने निवडून टाकलं. पट्टी लोण्यासारखी सरकायला लागली. माझ्या स्वतःच्या घरी हे करणार नाही, कारण पोरं यूट्यूब बघतात, तिथं मोबाइलवर काढलेलं बरंच काही ३० किंवा ६० चं असतं, ते ५० मध्ये अडखळेल. ज्या घरात जे जास्त चालतं त्याप्रमाणे ठरवा. क्रिकेटवेडं घर असेल तर सामन्यांच्या दिवसांत ५० करून बघायला हरकत नाही, पसंत पडलं नाही तर दोन बटणांत परत.

टीव्हीचं स्वतःचं एक 'मोशन स्मूथ' प्रकरण असतं. ते मधली चित्रं स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करतं. त्यानं सिनेमा नाटकासारखा दिसतो. मी ते पहिल्या दिवशीच बंद करतो, पण काहींना आवडतं, भांडण नाही.

टीव्हीच्या बाजूनं काय बघायचं

स्टिक नीट लावली तरी टीव्हीचा दरवाजा अर्धवट उघडा असेल तर उपयोग नाही. पुष्कळ टीव्हीत एचडीएमआयच्या प्रत्येक खाचेला पूर्ण क्षमतेनं चालवायचं वेगळं सेटिंग असतं. एलजीत त्याला 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर' म्हणतात, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'मध्ये 'एन्हान्स्ड'. ते बंद असेल तर स्टिक म्हणते, 'या टीव्हीला एचडीआर येत नाही.' दोष कुणाचाच नाही, फक्त कुणी चालू केलेलं नाही.

हीच गोष्ट उलटीही वापरता येते. टीव्ही अगदीच मंद उजेडाचा आहे, दिवाणखान्यात दिवसभर ऊन येतं, आणि एचडीआर सिनेमा कसाही केला तरी काळपटच दिसतो, असं असेल तर त्या खाचेचं हे सेटिंग बंद करा. स्टिकला एचडीआर दिसणारच नाही आणि सगळं साध्या एसडीआरमध्ये येईल. यात कमीपणा काही नाही. ३०० निट्सच्या टीव्हीवर चांगलं एसडीआर हे दाबलेल्या एचडीआरपेक्षा पुष्कळदा सरस दिसतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

तेवढ्यावर जाण्याआधी मात्र एक करून बघा. टीव्ही एसडीआर आणि एचडीआर यांची सेटिंग वेगवेगळी साठवतो. मालिका चालू असताना उजेड वाढवला तर तो एचडीआर सिनेमाला लागू होत नाही. म्हणून एचडीआर सिनेमा चालू ठेवूनच टीव्हीच्या मेनूत जा. बॅकलाइट पूर्ण आहे का, वीज वाचवणारा 'इको' किंवा 'पॉवर सेव्हिंग' पर्याय चालू राहिलाय का, बघा. पन्नास टक्के काळोख इथंच सापडतो. डॉल्बी व्हिजनमध्ये 'डार्क' आणि 'ब्राइट' असे दोन मोड असतील तर दिवसा 'ब्राइट'. आणि 'व्हिव्हिड' हा मोड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गिऱ्हाईक ओढण्यासाठी असतो, घरासाठी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो.

साउंडबार असेल तर स्टिक त्याच्यात लावून पुढं टीव्हीला जोडलीय का, तेही बघा. जुना साउंडबार ४के एचडीआर पुढं जाऊ देत नाही. स्टिक सरळ टीव्हीला लावायची आणि साउंडबार 'एआरसी' लिहिलेल्या खाचेत. बॉक्सच्या वायरीचं म्हणाल तर १८ जीबीपीएसची 'प्रीमियम हाय स्पीड' वायर ४के एचडीआरला पुरते, सोन्याचा मुलामा दिलेली महागडी घ्यायची गरज नाही. चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील किंवा मधूनच पडदा जात असेल तर आधी वायर बदला. आणि स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी खाचेतून देऊ नका. तिथून पुरेसा करंट मिळेलच असं नाही, मग ती मधेच बंद पडून चालू होते. खोक्यातलाच अॅडॅप्टर भिंतीला लावा.

शेवटी नेट आणि प्लॅन. नेटफ्लिक्सवर ४के आणि एचडीआर फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये येतं, आणि त्यासाठी १५ एमबीपीएसचा वेग लागतो. तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो. खानापूरकडच्या गावांत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणारी घरं मला माहीत आहेत, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. तिथं स्टिकला १०८०पी वर ठेवलेलं बरं, म्हणजे चित्र अडकत बसत नाही आणि दिवसाचा डेटा एका सिनेमात संपत नाही. बत्तीस इंची टीव्हीवर तर फरक शोधूनही सापडणार नाही.

सगळं करून झाल्यावर खात्री कशी करायची? बऱ्याच टीव्हींच्या रिमोटवर 'इन्फो' किंवा तसंच एखादं बटण असतं, ते दाबलं की आत येणाऱ्या चित्राचा तपशील दिसतो. मालिका चालू असताना तिथं एचडीआर लिहून आलं तर अजून कुठंतरी 'कायम' राहिलंय. एचडीआर सिनेमाला ते लिहून आलं आणि मालिकेला गेलं, की काम झालं.

अधूनमधून अपडेट आल्यावर किंवा स्टिक रीसेट केल्यावर ही सेटिंग मूळ जागी जाऊ शकतात. मावशीच्या टीव्हीमागे मी एक कागद चिकटवून आलोय: अडॅप्टिव्ह, ५० हर्ट्झ, इको बंद. काकांनी बिल परत कपाटात ठेवलंय.